पॅडच्या पोटात काय असतं?



ग्रामसंघाच्या बैठकीला गेलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, गटानं पॅड बनवायचा धंदा टाकला तं जमन का?" प्रश्न चांगला आहे. ८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा बचत गटांनी गावोगावी पॅड विकले. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळायचं. पण तेव्हा पाकीट तयार यायचं आणि आपण विकायचो. ते फोडून आत काय आहे हे बघायची वेळ आली नाही. स्वतः बनवायचं म्हटलं की मात्र पहिला प्रश्न तोच येतो : पॅडच्या पोटात काय भरायचं, आणि कसं?

मलाही हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याच एका गटामुळे शिकले. गटाचं नाव देत नाही, तसं त्यांनीच सांगितलंय.

या गटाने कर्ज काढून छोटी मशीन घेतली. पहिले दोन महिने माल ओळखीपाळखीत गेला. मग पाकिटं परत यायला लागली. "बाजूनं लागते" ही एकच तक्रार. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. एका बाईच्या साडीला वावरात डाग पडला, सोबत पुरुष मजूर होते. ती घरी आली आणि उरलेलं पाकीट गटाकडे ठेवून गेली. पैसे मागितले नाहीत, पण पुन्हा घेतलंही नाही. गटाला वाटलं माल कमी पडतो. त्यांनी आतला लगदा वाढवला. पॅड जाड झाला, खर्च वाढला, तक्रार तशीच राहिली आणि वरून "मांड्या घासतात" ही नवी तक्रार आली. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला.

त्या गटासोबत बसून आम्ही त्यांच्याच एका नव्या पॅडवर रंगीत पाणी हळूहळू ओतलं. बाजूने गळायला लागल्यावर थांबलो आणि कात्रीने पॅड उभा कापला. मधला भाग लालभडक, भिजून गच्च. पुढचं टोक पांढरं, मागचं टोक पांढरं. अध्यक्षताई म्हणाल्या, "अवो, हे तं अर्ध्याच्या वर कोरडंच हाये!"

मैत्रिणींनो, सगळी गोष्ट इथेच आहे. पॅड भरला म्हणून गळत नाही. बहुतेक वेळा तो अर्धा कोरडा असतानाच गळतो, कारण पाणी एका जागी पडतं आणि त्याला पुढे जायला वाट नसते. वाट नसेल तर कितीही माल भरा, तो माल कोरडाच राहणार आणि त्याचे पैसे आपणच भरणार.

हिशेब करून बघा. बहुतेक बायकांचं एका पाळीत सगळे दिवस मिळून साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. त्यासोबत दुसरा स्रावही असतो, म्हणून दिसायला जास्त दिसतं. (८० मिलीच्या वर रक्त जात असेल, गाठी पडत असतील, तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागत असेल तर तो पॅडचा प्रश्न नाही. दवाखान्यात जा आणि हिमोग्लोबिन तपासा.) म्हणजे एका पॅडच्या वाट्याला फार काही येत नाही. बाजारातला कुठलाही पॅड एवढं सहज पिऊ शकतो. तरी गळतो, कारण पिण्याआधी ते पाणी योग्य जागी पोहोचावं लागतं.

पॅड उघडला तर

दुकानातला एक पॅड आणा आणि बैठकीत सगळ्यांसमोर कापा. लाजू नका, नवाच आहे. वर एक पातळ, जाळीदार थर दिसेल. तो पाणी आत जाऊ देतो आणि स्वतः कोरडा राहतो. चांगल्या पॅडमध्ये त्याच्याखाली अजून एक मोकळ्या विणीची पातळ पट्टी असते. तिचं काम पडलेलं पाणी पटकन घ्यायचं आणि लांबीने पसरवायचं. त्याखाली गाभा, ज्याला मशीनवाले 'कोअर' म्हणतात. सगळ्यात खाली प्लास्टिकचा पापुद्रा, म्हणजे कपड्याला लागू नये.

गाभा बोटाने विस्कटून बघा. कापसासारखं दिसतं, पण बहुतेक पॅडमध्ये ते लाकूड असतं. पाईन म्हणजे चीड जातीच्या झाडाच्या लाकडाचा लगदा करून, तो वाळवून, दळून फुलवलेला असतो. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला अमेरिकेच्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखी पट्टी काढली होती. लढाईवरच्या नर्सबाया तीच पट्टी पाळीतही वापरायला लागल्या. ते कंपनीच्या लक्षात आलं आणि १९२० मध्ये ती पॅड म्हणून बाजारात आली. म्हणजे लगद्याचा हा उपयोग मुळात बायकांनीच शोधला.

आपला कापूस का नाही?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. "आपल्या वावरात कापूस पिकते, मंग लाकूड विकत कायले घ्याचं?" आता जिल्ह्यात सोयाबीनच जास्त दिसतं, तरी कारंजा-मानोराकडे कापूस आहेच. मलाही आधी तसंच वाटायचं.

एक सोपा प्रयोग करा. बोंडातला कापूस घ्या, सरकी काढा आणि वाटीभर पाण्यात टाका. तो तरंगत राहील. तासाभराने बघितलं तरी बराचसा कोरडाच. शेजारच्या वाटीत मेडिकलमधला सर्जिकल कापूस टाका, तो काही सेकंदांत बुडेल. औषधांच्या मानकात या कापसाला नियमच आहे : १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे आणि स्वतःच्या वजनाच्या २३ पट पाणी धरलं पाहिजे. दोन्ही कापूसच. फरक एवढाच की वावरातल्या कापसाच्या धाग्यावर निसर्गाने मेणाचा हात फिरवलेला असतो, पावसापाण्यात टिकावा म्हणून. कारखान्यात तो सोड्यात उकळून मेण काढतात, मग पांढरा करतात. (घरी धुण्याच्या सोड्यात उकळून बघितलंत तर फरक दिसेल, पण तो कापूस फक्त प्रयोगापुरता. अंगाला लावायचा नाही, तो तेवढा स्वच्छ नसतो.)

मग सर्जिकल कापूसच भरला तर? कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी हेच केलं होतं. त्यांच्यावरचा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी सुरुवातीला कापूस भरूनच पॅड केले आणि ते फसले. कंपनीच्या पॅडमध्ये लाकडाचा लगदा असतो हे कळायला त्यांना दोन वर्षांहून जास्त वेळ लागला. कापूस पाणी पितो, पण ओला झाला की लुळा पडतो, त्याची उभारी जाते. वर वजन आलं की प्यालेलं परत सोडतो. धागाही लांब, सुमारे ३ सेंटीमीटर. सूत काढायला तो लांब असलेला चांगला, पण गाभ्यात त्याच्या गुठळ्या होतात. लगद्याचा धागा २-३ मिलिमीटरचा. तो आडवातिडवा पडतो आणि मध्ये हजारो बारीक कप्पे तयार होतात. पाणी बसतं ते मुख्यतः त्या कप्प्यांत.

केळीच्या खोडाच्या धाग्याचे पॅडही निघालेत, अहमदाबादची साथी नावाची कंपनी ते करते. पण तिथेही केळीचा धागा सोलून तसाच भरत नाहीत, त्यावर बरीच प्रक्रिया करतात. म्हणून कुणी "घरच्या मालात पॅड" म्हणून काही विकायला आलं, तर आधी वाटीभर पाणी मागवा.

समईची वात

पाणी लांबीने कसं पसरवायचं? हे आपल्याला रोज देवघरात दिसतं. वात सैल वळली तर तेल वर चढत नाही. घट्ट वळली तर चढतं. बारीक फट पाण्याला जास्त जोराने ओढते. त्यामुळे पाणी नेहमी मोकळ्या जागेतून घट्ट जागेकडे जातं, उलटं जात नाही.

गाभा बनवताना हा एक नियम डोक्यात ठेवला की निम्मं काम झालं. वर मोकळा थर, खाली त्याहून घट्ट. पॅडवर ज्या दाबलेल्या रेघा किंवा नक्षी दिसते ना, ती शोभेची नसते. दाबलेल्या जागी धागे जवळ येतात, ती रेघ वातीसारखी होते आणि पाणी टोकाकडे नेते. आपल्या गटाने उलटं केलं होतं. लगदा वाढवला पण दाब तेवढाच ठेवला. गाभा गादीसारखा फुगला आणि पाणी पडलं तिथेच बसलं. शिवाय लगदा नीट दळला न गेल्याने आत सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या. गुठळी आणि तिच्या शेजारच्या पोकळीमध्ये पाणी अडतं.

पण फार दाबून पुठ्ठ्यासारखं केलं तर पाणी आत शिरायलाच वेळ लागतो आणि बाजूने ओघळतं. मशीनचा दाब थोडा थोडा बदलून, प्रत्येक वेळी पॅड कापून बघूनच योग्य जागा सापडते. त्यात शंभरेक पॅड वाया जातील असं धरून चाला आणि तो खर्च प्रकल्पात आधीच लिहा.

जेल पावडर

गाभा विस्कटताना हाताला साखरेसारखे बारीक दाणे लागतील. तीच जेल पावडर. शास्त्रीय नाव सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाणी मिळालं की दाणा फुगून साबुदाण्यासारखा होतो आणि दाबलं तरी पाणी सोडत नाही. लगदा आणि कापूस जे करू शकत नाहीत ते हा दाणा करतो.

पण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. मशीन विकणारा काय करतो? पॅडवर नळाचं पाणी ग्लासभर ओततो, पॅड उलटा करतो आणि एक थेंब पडत नाही. बायका टाळ्या वाजवतात. तुम्ही त्याला सांगा, "भाऊ, ह्याच पाण्यात मीठ टाकून दाखवा." शुद्ध पाणी हे दाणे वजनाच्या काहीशे पट पितात. मिठाचं पाणी मात्र साधारण ३० ते ५० पटच. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच मीठ जेललाही फुगू देत नाही. घरी फुगलेल्या जेलवर चिमूटभर मीठ टाका, डोळ्यासमोर पाणी सुटेल. आणि आपलं रक्त खारट आहे. शिवाय ते दाट असतं, त्यातल्या पेशी आणि प्रथिनं दाण्यावर चिकटतात, त्यामुळे मिठाच्या पाण्याहूनही ते हळू शोषलं जातं.

दुसरी चूक जेल टाकण्याच्या जागेची. या गटात चमच्याने जेल मधोमध ओळीत टाकत होते, कारण "रक्त तिथंच पडते". विचार बरोबर वाटतो. पण आपली काळी जमीन आठवा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिला पाऊस सगळा भेगांतून आत जातो. मग माती फुगते, भेगा बुजतात आणि पुढचा पाऊस वर साचून वाहून जातो. जेलचा ढीग अगदी तसाच वागतो. वरचे दाणे फुगले की एकमेकांना चिकटून बंद होतात, खालचे दाणे कोरडे राहतात आणि मागून आलेलं पाणी बाजूला वाट शोधतं. म्हणून जेल लगद्यात विरळ मिसळलेली हवी, किंवा लगद्याच्या दोन थरांमध्ये लांबीभर पातळ पेरलेली. तिफणीने पेरतो तशी, एका जागी ओतलेली नको. हल्ली जेल आधीच बसवलेली तयार शीटही मिळते. ती महाग पडते, पण दळण्याचं आणि पेरण्याचं काम वाचतं. नवीन गटाने सुरुवात त्यावरच करावी असं माझं मत आहे.

"जेलनं आजार होते" असंही विचारतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बायका आजारी पडल्या, काही दगावल्याही. ते शरीराच्या आत ठेवायच्या, जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे. पॅड बाहेर असतो आणि जेल दोन थरांच्या आत. तरी पॅड फाटून दाणे बाहेर आले तर तो वापरू नका. जेल आहे म्हणून एकच पॅड दिवसभर ठेवणंही चूक आहे. चार ते सहा तासांनी बदलायलाच हवा. वावरात बदलायला आडोसा नसतो हे मला माहीत आहे. त्यावर पॅडच्या आत उपाय नाही, तो ग्रामसभेत मांडायचा विषय आहे.

घरी करायची चाचणी

आयएस ५४०५ हे सॅनिटरी पॅडचं भारतीय मानक आहे. ते २०१९ मध्ये सुधारलं, पण १९८० च्या मानकातली चाचणी गटात करायला सोपी आहे. मिनिटाला १५ मिली या वेगाने ३० मिली पाणी पॅडवर सोडायचं. खालून किंवा बाजूने काही दिसता कामा नये. मग त्याच जागी एक किलो वजन एक मिनिट ठेवायचं आणि पुन्हा बघायचं.

आपल्याकडे हे असं करता येतं. मेडिकलमधून सलाईनची बाटली आणा, त्यात खायचा रंग टाका. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. घड्याळ समोर ठेवून दर २० सेकंदाला एक सिरिंज, अशा सहा. पॅड पांढऱ्या कागदावर ठेवा म्हणजे गळती लगेच दिसेल. वजनाला मिठाचा एक किलोचा पुडा चालतो. त्यानंतर वरच्या थरावर कोरडा टिश्यू पेपर दाबा. तो किती ओला होतो यावरून अंगाला किती ओलं लागेल ते कळतं. शेवटी पॅड उभा कापा आणि डाग पट्टीने मोजा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या कापण्याने. डाग लांब झाला तर गाभा काम करतोय.

सलाईन रक्ताहून पातळ असतं, त्यामुळे इथे जेमतेम पास झालेला पॅड अंगावर नापास होऊ शकतो. आणि विकायचं असेल तर प्रयोगशाळेची तपासणी लागतेच, घरची चाचणी त्याच्या बदल्यात नाही.

आपल्या गटाने लगदा पुन्हा पहिल्याएवढा केला, दोनदा दळला, जेल लांबीभर पेरली आणि मध्ये दोन उभ्या रेघा दाबल्या. डाग टोकापर्यंत गेला. मिठाचा पुडा ठेवल्यावर एका कडेने थोडं पाझरलं. ती कड चिकटवण्याची चूक होती, गाभ्याची नाही. त्यावर काम चालू आहे.

अजून एक बघायचं राहतं. चाचणीत पॅड सपाट असतो, पण निंदणाला आणि सोंगणीला आपण उकिडव्या बसतो, तासन्‌तास. तिथे पॅड मध्ये चुरगळतो आणि गाभा तुटतो. तुटलेल्या जागेपलीकडे पाणी जात नाही, वात मध्येच तुटल्यासारखं. म्हणून ओला पॅड हातात धरून पाच-सहा वेळा दुमडा, मग कापून बघा. शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईसाठी बनवलेला पॅड या परीक्षेत कधी कधी नापास होतो. आपला माल इथे पास झाला तर गावात तो विकायला जाहिरात लागणार नाही.

डायपरबद्दल थोडंच. म्हाताऱ्या माणसांसाठी डायपर बनवावे का, असं दोन गटांनी विचारलं. तत्त्व तेच, पण लघवी एकदम आणि भरपूर येते. त्यामुळे वरचा पसरवणारा थर जाड आणि जेल खूप जास्त लागते. पॅडच्या मशीनवर ते होणार नाही. आणि बाळाचा डायपर कापून पॅड म्हणून वापरू नका. कापलेल्या कडेतून जेल बाहेर येते.

ज्या घडीचं सुती कापड वापरतात त्यांनी हे वाचून कमीपणा मानू नये. चार पदरी सुती घडी हाही गाभाच आहे. साबणाने धुतलेली आणि कडक उन्हात वाळवलेली असेल तर बिनधास्त वापरा. धुऊन वापरायच्या पॅडसाठीही २०२१ पासून वेगळं मानक आहे, आयएस १७५१४. मशीनच्या कर्जाची भीती वाटणाऱ्या आणि शिवणकाम येणाऱ्या गटाला मी आधी तेच सुचवीन. वापरून फेकलेल्या पॅडमधला लगदा कुजतो, पण जेल आणि प्लास्टिक वर्षानुवर्षं राहतं, आणि चुलीत जाळलं तर विषारी धूर होतो. त्याची सोय काय करायची, हेही मशीन घेण्याआधी ग्रामपंचायतीशी बोलून ठेवा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्या गटांना हा धंदा करायचाय त्यांनी दोन-तीन कंपन्यांचे पॅड, मिठाचा एक किलोचा पुडा, कात्री आणि पट्टी घेऊन यावं. सलाईन आणि सिरिंज मी आणते. कुठल्या मशीनचं कोटेशन आलं असेल तर तेही आणा, पण त्यावर सही बैठकीनंतर करा.